‘शेळीसुद्धा तोंड लावत नाही’ म्हणून लावताय? दारातल्या झाडांचं देशी-विदेशी गणित काय आहे?

नर्सरीत गेल्यावर होणारा संवाद जवळपास सगळीकडे सारखाच असतो. गिऱ्हाईक म्हणतं, लवकर वाढणारं काहीतरी द्या. नर्सरीवाला एका हिरव्यागार रोपाकडे बोट दाखवतो आणि सांगतो, “हे घ्या. पाणी कमी लागतं, कीड लागत नाही, शेळीसुद्धा तोंड लावत नाही. दोन वर्षांत भिंतीएवढं होईल.”

यापेक्षा चांगली जाहिरात कुठल्या झाडाची असू शकते?

गंमत अशी, की या जाहिरातीतला प्रत्येक शब्द खरा असतो, आणि नेमकी तिथेच अडचण सुरू होते.

छत्रपती संभाजीनगरमधला उस्मानपुरा घ्या. क्रांती चौक आणि रेल्वे स्टेशन यांच्यामधला, संत एकनाथ रंगमंदिर असलेला हा भाग. शहरातल्या अशा जुन्या भागांत अंगणवाल्या घरांच्या जागी अपार्टमेंट उभ्या राहतात. अंगणातला कडुनिंब बांधकामात जातो. नवीन इमारतीखाली पार्किंग होतं, त्यावर पेव्हर ब्लॉक बसतात आणि झाडांच्या वाट्याला कंपाउंडलगतची दीड-दोन फुटांची पट्टी उरते. त्या पट्टीत काय लावायचं, हा निर्णय बहुतेक वेळा पाच मिनिटांत होतो. नर्सरीवाला जे म्हणेल ते.

त्यातच हे शहर पाण्याच्या बाबतीत सुखी नाही. पैठणचं जायकवाडी धरण जवळ असूनही इथल्या लोकांनी काही दिवसांआड येणाऱ्या नळावर वर्षानुवर्षं काढली आहेत. वर्षाचा पाऊस साधारण ७०० मिलिमीटर, तोही चार महिन्यांत. खाली काळा पाषाण आणि मुरूम. त्यामुळे दारात काय लावलंय यावर टँकरचा खर्चही अवलंबून असतो.

विदेशी आणि आक्रमक, यात फरक काय?

सोशल मीडियावर हे दोन शब्द सर्रास एकाच अर्थाने वापरले जातात. ‘विदेशी झाडं तोडा’ अशा पोस्ट फिरतात आणि खाली गुलमोहराचा फोटो असतो. इथे जरा थांबायला हवं.

जे झाड मुळात या भूभागातलं नाही, माणसाने इथे आणलं, ते विदेशी. या व्याख्येने बघितलं तर यादी फार लांब जाते. गुलमोहर मादागास्करचा. बोगनवेल आणि नीलमोहर दक्षिण अमेरिकेतले. मिरची, टोमॅटो, पेरू, पपई अमेरिका खंडातून आलेली. ज्या चिंचेखाली आपल्याकडच्या अर्ध्या गावांचे पार आहेत, ती चिंचही मूळची आफ्रिकेतली. आणि संभाजीनगरकर ज्या दौलताबादच्या सीताफळांची वाट बघतात, ते सीताफळही उष्णकटिबंधीय अमेरिकेतून आलेलं.

म्हणजे आता सीताफळ खायचं सोडायचं का? अर्थातच नाही.

विदेशी झाडांपैकी मोजकीच झाडं अशी असतात, की ती लावलेल्या जागी थांबत नाहीत. स्वतःहून पसरतात, स्थानिक झाडांची जागा, पाणी आणि ऊन बळकावतात. त्यांना आक्रमक म्हणतात. जैवविविधतेवर काम करणाऱ्या ‘आयपीबीईएस’ या आंतरराष्ट्रीय संस्थेने सप्टेंबर २०२३ मध्ये यावर मोठा अहवाल दिला. माणसाने जगभरात इकडून तिकडे नेऊन रुजवलेल्या प्राणी-वनस्पतींच्या प्रजाती ३७ हजारांहून जास्त आहेत आणि त्यातल्या साडेतीन हजारांहून अधिक आक्रमक ठरल्या आहेत, असं त्यात म्हटलंय. त्यांच्यामुळे होणारं नुकसान २०१९ मध्ये वर्षाला ४२३ अब्ज डॉलरच्या वर गेलं होतं.

आक्रमक झाड कसं ओळखायचं? त्याला खाणारं कोणी नसतं, ते कमी पाण्यात तग धरतं, झपाट्याने वाढतं आणि सहज मरत नाही. नर्सरीवाल्याचं वाक्य पुन्हा आठवून बघा. झाडाच्या जमेच्या बाजू म्हणून जे सांगितलं जातं, ते आक्रमक झाडाचं वर्णनही असू शकतं.

पाहुणा म्हणून आले, मालक झाले

याची सगळ्यात ओळखीची दोन उदाहरणं कुठल्याही मोकळ्या प्लॉटवर दिसतील.

पहिलं गाजर गवत, म्हणजेच काँग्रेस गवत. मूळ अमेरिका खंडातलं. भारतात ते पसरत असल्याची नोंद पहिल्यांदा झाली ती पुण्यात, १९५५-५६ च्या सुमारास. अमेरिकेतून आलेल्या गव्हाबरोबर याचं बी आलं, ही गोष्ट घरोघरी सांगितली जाते. एक झाड हजारोंनी बिया टाकतं. अंगाला लागलं की खाज, परागकणांनी शिंका आणि दमा. ते खाणारा मेक्सिकन भुंगा १९८४ मध्ये मुद्दाम भारतात आणून सोडला गेला. पावसाळ्यात तो बऱ्यापैकी फडशा पाडतो, पण गवत काही संपलेलं नाही.

दुसरं उदाहरण जास्त बोलकं आहे, कारण ते बागेसाठी म्हणूनच आणलं गेलं. घाणेरी, मराठवाड्यात जिला बरेच जण टणटणी म्हणतात. इंग्रजांनी १९व्या शतकाच्या सुरुवातीला शोभेचं कुंपण म्हणून ती कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात लावली. तिची काळी फळं बुलबुलांनी खाल्ली आणि बिया नेल्या जंगलात. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासानुसार देशातल्या वाघांच्या अधिवास क्षेत्रातलं ४० टक्क्यांहून जास्त जंगल घाणेरीच्या विळख्यात आहे. ती वाढली की खाली गवत उगवत नाही. गवत नाही तर हरीण नाही, आणि पुढचं वेगळं सांगायला नको.

एवढं होऊनही नर्सरीत पिवळ्या-गुलाबी फुलांची ‘लँटाना’ कुंडीत विकायला असते. नाव इंग्रजी घेतलं की घाणेरी शोभिवंत होते.

असंच ‘वेडेलिया’चं. जमिनीलगत पसरणारी, पिवळ्या फुलांची ही वेल सोसायट्यांच्या बागांमध्ये आणि रस्त्याच्या दुभाजकांत लॉनऐवजी लावली जाते. जगातल्या सगळ्यात त्रासदायक १०० आक्रमक प्रजातींची जी यादी आययूसीएनने केली आहे, त्यात ती आहे. घाणेरी आणि जलपर्णीही त्याच यादीत आहेत. सुबाभूळसुद्धा. ही मेक्सिकोकडची सुबाभूळ तर आपल्याकडे अगदी चांगल्या हेतूने आली. उरुळीकांचनच्या ‘बायफ’ संस्थेने आणि तिचे संस्थापक मणिभाई देसाई यांनी जनावरांना चारा आणि चुलीला सरपण मिळावं म्हणून १९७०-८० च्या दशकांत तिचा प्रसार केला. शेताच्या बांधावर, जनावरं रोज तोडून खात असतील तिथे ती आटोक्यातही राहते. शहरातल्या प्लॉटवर तिला खाणारं कोणी नसतं. एका झाडाच्या शेंगा फुटल्या, की पुढच्या पावसाळ्यात कंपाउंडच्या प्रत्येक फटीत रोपं.

आणि हो, ऑक्टोबरमध्ये पुण्याच्या आसपासच्या टेकड्यांवर पिवळ्या-नारिंगी फुलांचे गालिचे दिसतात, ज्यात उभं राहून हजारो रील बनतात, तो कॉसमॉस आहे. मेक्सिकोचा. त्याच्याखाली स्थानिक रानफुलांची जागा जाते. रील बनवताना बिया कपड्यांना चिकटून पुढच्या टेकडीवर पोहोचतात, हे कॅप्शनमध्ये कोणी लिहीत नाही.

मग कोनोकार्पसची एवढी चर्चा का?

गेल्या काही वर्षांत सगळ्यात जास्त व्हायरल झालेलं झाड हेच. गडद हिरवं, बारीक पानांचं, कापून हवा तो आकार देता येणारं. दुभाजक, कंपाउंड, फार्महाऊस, सगळीकडे. याचे दोन प्रकार लावले जातात. एक मूळचा सोमालिया-येमेनच्या बाजूचा, दुसरा अमेरिका आणि पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचा.

गुजरातच्या वन विभागाने सप्टेंबर २०२३ मध्ये परिपत्रक काढून याची रोपं तयार करण्यावर आणि लावण्यावर बंदी घातली. कारणं दोन दिली. हिवाळ्यात फुलोरा येतो तेव्हा परागकणांमुळे सर्दी, खोकला, दमा, ॲलर्जी होते. आणि मुळं खोल जाऊन केबल, ड्रेनेज व पाण्याच्या लाईनचं नुकसान करतात. २०२५ मध्ये तमिळनाडूनेही बंदीचा निर्णय घेतला. पाकिस्तानात कराचीमध्ये २००८ च्या सुमारास हे झाड मोठ्या प्रमाणावर लावलं गेलं आणि नंतर तिथेही याच तक्रारी झाल्या. कुवेत आणि इराकमध्ये पाइप फुटण्यावरून बरीच ओरड झाली.

यातली मुळांची तक्रार समजायला सोपी आहे. कोरड्या जागी लावलेलं झाड पाणी शोधतं आणि शहरात सगळ्यात जवळचं पाणी म्हणजे गळका पाइप. दोन फुटांच्या पट्टीत ड्रेनेजच्या चेंबरला चिकटून रांगेने लावलेली झाडं दुसरीकडे जाणार तरी कुठे? परागकणांमुळे दमा किती होतो, यावर मात्र वनस्पतिशास्त्राच्या अभ्यासकांमध्ये मतभेद आहेत. व्हॉट्सॲपवर फिरणारा ‘हे झाड कॅन्सर देतं’ हा मेसेज तर सरळ पुढे न ढकललेलाच बरा.

काटेकोर बोलायचं तर कोनोकार्पस घाणेरीसारखा स्वतःहून जंगलात पसरत सुटलेला नाही. त्याची रोपं नर्सरीत फांद्यांचे तुकडे लावून केली जातात. म्हणजे त्याला शहरभर पसरवलं ते बियांनी नाही, टेंडरने आणि नर्सरीच्या गाड्यांनी. त्याच्याबद्दलचा खरा आक्षेप वेगळा आहे. शंभर झाडं लावली तरी त्यांच्यावर फार काही जगत नाही.

झाडाला कीड लागणं चांगलं असतं?

ऐकायला विचित्र वाटेल, पण काही अंशी हो.

घरात कढीपत्त्याचं किंवा लिंबाचं झाड असेल तर पावसाळ्यात पानांवर नीट बघा. पक्ष्याची वाळकी शिट पडल्यासारखं काहीतरी दिसेल. हात लावला तर ते हलेल. ती अळी आहे. पक्ष्यांनी खाऊ नये म्हणून तिने हे सोंग घेतलंय. काही दिवसांनी ती कात टाकून हिरवीगार होते. तेव्हा डिवचलं तर डोक्यामागून नारिंगी रंगाचं शिंगासारखं काहीतरी बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. मग कोष, आणि अंड्यापासून साधारण तीन-चार आठवड्यांत लाइम किंवा कॉमन मॉरमॉन जातीचं देखणं फुलपाखरू. महाराष्ट्राने २०१५ मध्ये राज्य फुलपाखरू म्हणून निवडलेल्या ब्लू मॉरमॉनच्या अळ्याही याच लिंबू कुळातल्या झाडांवर वाढतात.

बहुतेक घरांत मात्र ही गोष्ट पहिल्याच आठवड्यात संपते. अळी दिसली, फवारा मारला.

फुलपाखराची अळी कुठल्याही पानावर जगत नाही. प्रत्येक जातीची ठरलेली झाडं असतात आणि हे नातं लाखो वर्षांत जुळलेलं असतं. बहाव्यावर कॉमन एमिग्रंट, तरवडावर पिवळी छोटी फुलपाखरं, रुईवर प्लेन टायगर. नव्याने आलेल्या कोनोकार्पसची पानं यांच्या उपयोगाची नाहीत. म्हणूनच तो इतका ‘स्वच्छ’ दिसतो.

आणि अळ्या नसतील तर पक्षी नाहीत. चिमण्या, शिंजीर, बुलबुल मोठेपणी दाणे, मध, फळं खातात, पण पिल्लांना मुख्यतः किडे आणि अळ्या भरवतात. अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठाचे कीटकतज्ज्ञ डग्लस टॅलमी यांनी तिथल्या चिकडी या चिमणीएवढ्याही नसलेल्या पक्ष्याचा हिशेब मांडलाय. एका घरट्यातली पिल्लं वाढवायला सहा ते नऊ हजार अळ्या लागतात. टॅलमी आणि सहकाऱ्यांचा वॉशिंग्टन परिसरातल्या घरांच्या बागांवरचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या बागांत झाडोऱ्यातला ७० टक्के वाटा देशी होता, तिथेच चिकडीची संख्या टिकून राहत होती. विदेशी झाडं ३० टक्क्यांच्या वर गेली की पिल्लं पुरेशी जगत नव्हती.

हा आकडा अमेरिकेतला आहे, एका पक्ष्याचा आहे. उस्मानपुऱ्यातल्या शिंपी पक्ष्यासाठी तो वेगळा असू शकतो. पण त्यातून एक दिलासा मिळतो. गुलमोहर तोडायची गरज नाही, बोगनवेलही राहू द्या. दहातली सात झाडं इथली असली, तर उरलेली तीन हौसेची चालतात.

इथे लावायचं काय?

आधी एक सावधगिरी. ‘देशी’ म्हणजे ‘इथलं’ असं नाही. ताम्हण हे महाराष्ट्राचं राज्यफूल, पण ते भरपूर पावसाच्या भागात खुलतं. सुरंगी, नागकेशर ही कोकण-सह्याद्रीची झाडं. मराठवाड्याच्या उन्हात ती लावून रोज बादलीभर पाणी घालण्यात काही अर्थ नाही. आपलं झाड शोधायचं तर गौताळ्याच्या जंगलात किंवा वेरूळच्या डोंगरावर एप्रिलमध्ये जे कोणी पाणी न घालता उभं असतं, ते बघायचं.

दुसरी गोष्ट जागेची. वड आणि पिंपळ कितीही पूज्य असले तरी दोन फुटांच्या पट्टीत लावले तर भिंत आणि टाकी दोन्ही जातील. (‘पिंपळ रात्रीसुद्धा ऑक्सिजन देतो’ हाही फॉरवर्डच. प्रकाशाशिवाय झाड ऑक्सिजन तयार करत नाही.) ती मैदानात, नदीकाठी शोभतात. खाम नदीच्या पुनरुज्जीवनाचं जे काम शहरात सुरू आहे, तसल्या जागा त्यांच्यासाठी.

छोट्या अंगणासाठी आपटा फार गुणी आहे. बुटका राहतो, कमी पाण्यात जगतो, फांद्या झुकलेल्या. दसऱ्याला बाजारात आपटा म्हणून बऱ्याचदा कांचनाच्या फांद्या विकल्या जातात आणि खऱ्या आपट्याची झाडं ओरबाडली जातात ती वेगळीच. दारात झाड असेल तर चार पानं तोडून भागतं. पारिजातक, कढीपत्ता, बेल हेही याच मापाचे. जरा जागा असेल तर बहावा. एप्रिल-मे मध्ये शहर भाजून निघत असताना तो पिवळा होतो. रस्त्याच्या कडेला सावली हवी असेल तर करंज आणि कडुनिंबाला तोड नाही. पळस मात्र नर्सरीच्या पिशवीतून नीट लागत नाही. त्याचं सोटमूळ दुखावतं. बी थेट जमिनीत टोचलेलं बरं, आणि घाई असेल तर त्याच्या वाटेला जाऊ नये.

कोनोकार्पस लोक लावतात तो मुख्यतः हिरवी भिंत म्हणून. त्याला पर्याय आहेत. मेंदीचं कुंपण मराठवाड्यात पिढ्यान्पिढ्या आहे. अडुळसा दाट होतो आणि त्यालाही शेळी सहसा तोंड लावत नाही. म्हणजे तो गुण देशी झाडातही मिळतो. निर्गुडी छाटली की भरते. सुरक्षेसाठी कुंपण हवं असेल तर करवंद. काटे असे, की कंपाउंडवर काचा लावायला नकोत, आणि उन्हाळ्यात फळं. उन्हाच्या कोरड्या कोपऱ्यात तरवड, पिवळ्या फुलांचं झुडूप, जवळपास काहीच मागत नाही. तो नर्सरीत सहसा मिळत नाही, कारण माळरानावर फुकट उगवणाऱ्या झुडपाला कोणी पैसे देईल असं नर्सरीवाल्याला वाटत नाही. मागणी केली तर ठेवतील. वन विभागाच्या आणि सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकांमध्ये विचारून बघणं जास्त फायद्याचं.

लॉनचा हिशेब एकदा कागदावर करून बघण्यासारखा आहे. उन्हाळ्यात हिरवळ टिकवायला दिवसाला ५ मिलिमीटर पाणी धरलं, तर चौरस मीटरला ५ लिटर. सोसायटीचं लॉन फक्त २० चौरस मीटरचं असेल तरी रोजचं १०० लिटर, महिन्याला तीन हजार. टँकर मागवणाऱ्या सोसायटीत हे पाणी गवताला जातं.

आता आहे त्या झाडाचं काय?

देशी झाडालाही पहिले दोन उन्हाळे जपावंच लागतं. पहिला बऱ्यापैकी पाऊस झाल्यावर, जून-जुलैत लावा. मुरमाड जमिनीत दोन फूट लांब, रुंद, खोल खड्डा करून त्यात माती आणि कुजलेलं खत भरा. बुडाशी पालापाचोळ्याचा थर द्या. जवळ एक साधं मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरून आठवड्यातून एक-दोनदा भरलं तर पाणी झिरपत मुळांशी जातं, उडून जात नाही. बुंध्याभोवती निदान मीटरभर जागा पेव्हर ब्लॉक न बसवता सोडा. तिसऱ्या वर्षापासून झाड तुमच्याकडे फारसं बघत नाही.

गाजर गवत फुलोऱ्यावर येण्याआधी, पाऊस पडून माती मऊ असताना, हातमोजे घालून मुळासकट उपटायचं. वेडेलियाचं उलट आहे. तिचा तुटका तुकडासुद्धा पुन्हा रुजतो, त्यामुळे काढलेली वेल नाल्यात किंवा मोकळ्या प्लॉटवर फेकायची नाही, उन्हात पूर्ण वाळवायची. सुबाभळीच्या शेंगा हिरव्या असतानाच तोडल्या तर पुढची पिढी थांबते.

कोनोकार्पस आधीच लावलेला असेल तर हिवाळ्यात फुलोरा येण्याआधी छाटणी करून फुलं येऊ न देणं हा तात्पुरता उपाय. कायमचा काढायचा असेल तर कुऱ्हाड उचलण्याआधी महापालिकेच्या उद्यान विभागात अर्ज करावा लागतो. महाराष्ट्रात १९७५ चा शहरी भागातल्या झाडांच्या संरक्षणाचा कायदा लागू आहे. झाड स्वतःच्या कंपाउंडमध्ये असलं तरी वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही, आणि ते विदेशी आहे हे कारण सांगून सुटका होत नाही. सगळी रांग एकदम काढण्यापेक्षा आधी मधल्या जागांत करंज किंवा अडुळसा लावून, तो हाताशी आल्यावर एकेक झाड काढण्याची परवानगी मागितली, तर मधली तीन-चार वर्षं कंपाउंड उघडं पडत नाही.